स्वरूपच्या वाट्याची पायली

मार्गासनीच्या धोंडाबाईंच्या माजघरात नव्या भाताची पोती एकावर एक रचलेली होती, आणि बाई स्वतः रेशनचा तांदूळ शिजवून खात होत्या. आठवडा-पंधरवडा नव्हे, कित्येक महिने हेच चाललं होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, म्हातारीचं डोकं फिरलंय. कुणी म्हणायचं, पैशाला हावरी आहे, चांगलं ते पुण्याच्या गिऱ्हाइकाला विकते आणि आपण खडे निवडत बसते. दोन्ही खोटं होतं. धोंडाबाईंइतक्या ताळ्यावर असलेल्या बाया मी फार पाहिल्या नाहीत, आणि हावरेपणाचं म्हणाल तर त्यांच्या दारातून रिकाम्या हातानं कुणी परतलेलं मला माहीत नाही.

माझं विंझरला रस्त्याला लागूनच झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, दाखले, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे अर्ज, असलं सगळं लोक माझ्याकडून करून घेतात. गेल्या काही वर्षांत त्यात विमानाच्या तिकिटांची भर पडली आहे. पोरं मोबाईलवर तिकीट काढतात आणि आईबापांच्या समाधानासाठी ते कागदावर छापून न्यायला माझ्याकडं येतात. त्यामुळं ही गोष्ट मला पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि ती संपली तेव्हा मी धोंडाबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली होते.

धोंडाबाई साठी ओलांडलेल्या. हाडापेरानं मोठ्या, पाठीत जरा वाकलेल्या, बोलणं थोडं आणि कोयत्यानं तोडल्यासारखं. नवरा, बाजीराव, मुंबईला गोदीत हमाल होता. तो तिकडं आणि ही इकडं, असाच निम्मा संसार झाला. नदीकडची भाताची खाचरं बाईंनी एकटीनं राखली. तरवा, म्हणजे रोपांची जागा, भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं अंगावर. लग्नाला बरीच वर्षं लोटल्यावर, पार आशा सोडल्यावर, स्वरूप झाला. तो शाळेत असतानाच बाजीराव गेले. पुढचं सगळं या बाईनं निभावलं, आणि कुणासमोर पदर पसरला नाही. मला त्यांचा धाक वाटायचा. अजूनही वाटतो.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नवा भात झोडून गिरणीतून तांदूळ करून आणला, की पहिल्यांदा त्याचे वाटे घालायचे. घरात जेवढी माणसं तेवढे वाटे, आणि एकेका माणसाला एक पायली, म्हणजे चार शेर, मापून. मग देवाला नैवेद्य, गाईला घास, आणि सगळ्यांनी मिळून नवं खायचं. घरातलं कुणी परगावी असलं तर त्याचा वाटा आधी त्याच्याकडं पोचवायचा. त्यानं शिजवून खाल्ला असा निरोप आला, की मगच घरात नव्या तांदळाचं आधण ठेवायचं. तोवर जुनं खायचं. नवं खायची चाल आमच्याकडं पुष्कळ घरांत आहे, पण वाट्याची ही अट मी फक्त त्यांच्याकडं पाहिली. सासूनं लावून दिली आणि बाईंनी ती धरून ठेवली.

बाजीराव मुंबईला असताना त्यांची पायली एसटीनं जायची. मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं द्यायचं, आणि निरोपाची वाट बघत बसायचं. एका वर्षी बाजीरावांना कावीळ झाली. इस्पितळात होते, गिळवत नव्हतं. त्या वर्षी धोंडाबाई शिमग्यापर्यंत थांबल्या. मी एकदा न राहवून विचारलं होतं, "मावशी, एवढं कशाला धरून बसायचं?"

त्या म्हणाल्या, "मानूस लांब गेला म्हून काय त्येचा वाटा बी गेला? त्येच्या आदी म्या खाल्लं, तर त्यो ह्या घरात पावना झाला की गं. आपल्या मानसाला आपणच पावना करायचा?"



स्वरूप हुशार निघाला. आधी भोरला शिकला, मग पुण्याला, आणि मग कॅनडात शिकायला गेला. निघाला तेव्हा श्रावण सरत आला होता आणि खाचरात भात हिरवागार उभा होता. आईच्या पाया पडला, रडला, आईनं पाठीवरून हात फिरवला. त्याच्या जाण्यानंतर कापणी झाली, झोडणी झाली, आणि धोंडाबाईंनी दोन वाटे घातले. एक त्यांचा, एक स्वरूपचा. स्वरूपची पायली पांढऱ्या फडक्यात बांधून, ते गाठोडं कापडी पिशवीत घालून त्या भोरला कुरियरवाल्याकडं गेल्या. त्यानं धान्य तिकडं पाठवत नाही म्हणून हात वर केले. मग कुठून तरी त्यांना कळलं की उत्रोलीची प्रेरणा कॅनडात स्वरूप राहतो त्याच गावाला शिकायला निघाली आहे. प्रेरणा तिकीट छापायला माझ्याकडं आली, त्या दिवशी धोंडाबाई पिशवी घेऊन दुकानात हजर.

मी तिकीट वाचलं आणि मला पुढचं दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विमानाच्या तिकिटात हल्ली प्रकार असतात. एवढ्या लांबच्या प्रवासाचं तिकीट स्वस्त म्हणून दाखवतात, ते स्वस्त असतं कारण त्यातून सगळं काढून घेतलेलं असतं. जागा आपण निवडायची नाही. बेत बदलला तर पैसे परत नाहीत. आणि विमानाच्या पोटात टाकायची मोठी बॅग तर नाहीच. नुसता माणूस, आणि त्याच्या हातात मावेल एवढी पिशवी, तीसुद्धा काट्यावर टाकून बघतात. मोठी बॅग हवी असेल तर वेगळे पैसे मोजा. आधी माणसाच्या प्रवासातून त्याचं सामान वजा करायचं आणि मग तेच सामान त्याला विकायचं, हा धंदा ज्यानं शोधून काढला त्याला मी एकदा आमच्या भात लावणीला चिखलात उभा करणार आहे. पण पोरांचा तरी काय दोष? फीनं घाईला आलेली पोरं जे सगळ्यांत खाली दिसतं त्याच्यावर बोट ठेवतात. प्रेरणानं तेच केलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, हिच्या तिकिटात बॅग नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे ही जाणार आणि हिच्या हातातली छोटी पिशवी जाणार. बाकी काही नाही."

धोंडाबाईंनी प्रेरणाकडं नीट बघितलं. "येवढ्या मुलखाबाहेर जायचं आन् बोचकं न्यायचं न्हाई? मंग ही पोर तितं अंगावर घालंल काय?"

प्रेरणा ओशाळली. ती म्हणाली, "आजी, मी दोन स्वेटर आणि कोट अंगावरच घालून जाणारे."

पायलीभर तांदूळ म्हणजे त्या हातातल्या पिशवीचं निम्म्याहून जास्त वजन झालं असतं. ते पोरीला न परवडणारं होतं, हे त्यांनाही कळत होतं. मला वाटलं, आपण वाट काढावी. मी म्हटलं, "मावशी, मूठभर द्या. कोटाच्या खिशात घालून नेईल. खाल्ल्याशी कारण."

"मूठभर तांदूळ मढ्याच्या तोंडात घालत्यात, सुलक्षणे," धोंडाबाई म्हणाल्या. "जित्या मानसाचा वाटा मापानं असतो."

प्रेरणाला दया आली असावी. ती म्हणाली, पिशवी द्या, विमानतळावर विनंती करून बघते. म्हणून ती पिशवी हनुमंतभाऊंच्या जीपमध्ये चढली.

हनुमंतभाऊ विंझरचेच. नसरापूर ते वेल्हे वडाप करतात, म्हणजे माणसं भरून जीप मारतात, आणि कुणाला मुंबईला विमानतळावर सोडायचं असलं की तेही भाडं घेतात. परदेशी निघालेलं आमच्या खोऱ्यातलं जवळजवळ प्रत्येक पोर त्यांच्या जीपमधूनच गेलेलं आहे. मोठ्या मिशांचा, मऊ मनाचा माणूस. पोर आत जाऊन सगळं ठीक आहे असा फोन करेपर्यंत ते बाहेर थांबतात. त्या वेळी प्रेरणा थोड्या वेळानं दारापर्यंत परत आली आणि काचेच्या पलीकडच्या शिपायाला विनवून तिनं पिशवी त्यांच्या हातात दिली.

ती त्यांनी धोंडाबाईंच्या ओट्यावर आणून ठेवली. म्हणाले, "विमानवाल्यांनी घेतली न्हाई, मावशी. तिकीट हलकं हुतं."

ते खरंच होतं. धोंडाबाईंनी पिशवी उचलून आत नेली आणि विमानवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानंतर घरातला जुना तांदूळ पुरला तोवर पुरला. तो संपल्यावर त्या रेशनचा खाऊ लागल्या. मी स्वरूपला फोनवर सांगितलं, अरे, तू तिथला कुठलाही तांदूळ खा आणि आईला सांग की झालं. तो म्हणाला, "ताई, आईला समजाव ना, हे आता कोण पाळतं?" मी म्हटलं, तुझी आई पाळते. तो हसला. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण मी चिडले.

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. भात भरून आला. या वेळी आमच्या विंझरचीच शेफाली निघाली होती, नर्सिंगचं पुढचं शिकायला, कॅनडातल्या त्याच गावी. ही बातमी कळल्याबरोबर धोंडाबाई सकाळच्या एसटीनं दुकानात आल्या. बसल्या नाहीत. पदराची गाठ सोडून नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या.

"औंदा बोचक्याचं पैसं म्या भरते," त्या म्हणाल्या. "शेफालीच्या तिकिटात बॅग घाल. तिचं बी सामान जाऊ दे, आन् त्यात माज्या पोराचा वाटा जाऊ दे."

मी विचारलं, "मावशी, हे कुठून आणले?"

"शेळी इकली. तुला काय करायचंय?"

त्यांच्याकडं दोन शेळ्या होत्या. विकली ती दुभती होती का, हे मी विचारलं नाही. शेफालीला बोलावून घेतलं आणि तिच्या तिकिटात बॅग घातली. पैसे भरले गेल्याची खूण पडद्यावर आली तेव्हा धोंडाबाई टेबलाच्या अलीकडं वाकल्या. "कुठं लिवलंय, बॅग हाय म्हून?" मी दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवूनच उभ्या राहिल्या. मला गिऱ्हाईक होतं, पण मी त्यांना हटकलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. परत जाताना मला म्हणाल्या, "निरोप आला की नव्याला तू यायचं. हनुमंताला बी बोलवनार हाय."

शेफाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हनुमंतभाऊ दुकानात आले आणि त्यांनी ती पिशवी माझ्यासमोर ठेवली. वरून पांढऱ्या फडक्याची गाठ दिसत होती. मी म्हटलं, "भाऊ, बॅगेचे पैसे भरलेत. माझ्या हातानं भरलेत. त्यांनी नाही कसं म्हटलं?"

"त्यांनी न्हाई म्हटलंच न्हाई, ताई," ते म्हणाले आणि खाली बसले.

झालं होतं ते असं. विमानतळाच्या बाहेर स्वरूपचा कुणी मित्र एक खोकं घेऊन उभा होता. स्वरूपनं इकडून मागवलेल्या वस्तू होत्या. बूट, जाकीट, चष्मे, व्यायाम करणारी पोरं घेतात त्या पावडरीचे मोठे डबे. तिकडं महाग पडतात, इकडून स्वस्त येतात. शेफालीला याची कल्पना नव्हती. हनुमंतभाऊंच्या जीपमध्ये आकड्याचा काटा असतो, त्यावर त्यांनी बॅग लटकवून बघितली. खोकं घातलं की वजन वर जात होतं. जास्तीच्या वजनाचे पैसे तिथं भरायचे म्हणजे बॅगेपेक्षा महाग. शेफालीनं स्वरूपला फोन लावला. दोन्ही हात सामानात होते म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिनं विचारलं, काय काढू?

हनुमंतभाऊ म्हणाले, "त्यो म्हनला, तांदूळ काढ. तांदूळ हितं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो म्हनला."

"असंच म्हणाला?"

"असंच. इचार बी केला न्हाई, ताई. इचार केला असता तर येवढं वाईट वाटलं नसतं."

ती दुकानाची वेळ होती, माणसं येत-जात होती. मी पिशवी उचलून टेबलाखाली, कागदांच्या खोक्यामागं सरकवली. मग आम्ही दोघं हळू आवाजात भांडलो. मी म्हटलं, सांगून टाका की विमानवाल्यांनी काढायला लावला, वजन झालं होतंच की, निम्मं तर खरंच आहे. हनुमंतभाऊ म्हणाले, "आन् मंग पुढल्या टायमाला ती दुसरी शेळी इकंल. त्याच्या पुढं खाचर इकंल. विमानावर ढकललं तर ती विमानाशी भांडत ऱ्हाईल जलमभर. तिला वाटंल, पोरगं तिकडं वाट बघतंय आन् मधी पैसं आडवं येत्यात."

"मग खरं सांगता?"

त्यांनी मान हलवली. "माज्यानं न्हाई व्हायचं."

शेवटी त्यांनी तिसरंच केलं. मार्गासनीला जाऊन त्यांनी धोंडाबाईंना सांगितलं, पिशवी गेली. बाईंनी त्यांना चहा पाजला.

मग निरोपाची वाट सुरू झाली. धोंडाबाईंच्या घरी मोबाईलला धड रेंज येत नाही, म्हणून स्वरूपशी बोलायला त्या माझ्या दुकानात येतात. तशा त्या आल्या आणि माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसल्या. त्यांचे पाय आणि ती पिशवी यांच्यात फक्त कागदाचं खोकं होतं. मी स्वरूपला फोन लावून दिला. पडद्यावर त्याचा चेहरा आला. जरा भरला होता, दाढी राखली होती, चांगला दिसत होता.

"शेफाली पोचली का रं?" त्यांनी विचारलं.

"पोचली आई."

"आन् तुजा वाटा?"

त्याची नजर पडद्यावरून बाजूला गेली. मग म्हणाला, "मिळाला की. कालच केला."

"खाल्लास?"

"खाल्ला. लई गोड होता, आई."

"कसा झाल्ता? मऊ झाल्ता का?"

"नाही गं, मस्त मोकळा झाला होता. दाणा न् दाणा सुटा."

धोंडाबाई लावतात त्या इंद्रायणी जातीचा नवा तांदूळ कधी मोकळा होत नाही. चिकट होतो, हे आमच्याकडं सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. मी धोंडाबाईंकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्या म्हणाल्या, "पाणी कमी घातलंस जनू. पुढल्या बारीला जरा जास्ती घाल, बाळा." आणि फोन माझ्या हातात देऊन डोळे पुसत उभ्या राहिल्या. आनंदानं रडत होत्या त्या.

मला त्या पोराचा इतका संताप आला की पडद्यातून हात घालून त्याचा कान पिळावा असं वाटलं. पण खरं सांगायचं तर तो दुष्ट नव्हता. आईला बरं वाटावं म्हणूनच तो खोटं बोलला, जसे हनुमंतभाऊ बोलले, जशी मी खोक्यामागं पिशवी ठेवून गप्प बसले. आम्हा तिघांना त्या बाईची दया आली होती, आणि तिघांनी मिळून तिला फसवलं होतं. फरक एवढाच, की तिला काय वाटतं हे आम्हा दोघांना कळत होतं आणि त्याला ते कळायचं बंद झालं होतं.

दारातून बाहेर पडताना धोंडाबाई वळून म्हणाल्या, "आयतवारी नवं करते. ये."

रविवारी मी आणि हनुमंतभाऊ जीपमधून मार्गासनीला गेलो. ओटा सारवलेला होता. दाराला आंब्याचा टाळा बांधला होता. आत शिरताच नव्या भाताचा वास आला, आणि तो असा वास आहे की मन कितीही जड असलं तरी भूक लागते. धोंडाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. देवाला नैवेद्य झाला होता, गाईला घास देऊन झाला होता. चुलीसमोर चार पाट मांडले होते आणि चार ताटं.

मी विचारलं, "आणखी कोण येणारे, मावशी?"

"ह्ये स्वरूपचं," भिंतीकडच्या ताटाला हात लावून त्या म्हणाल्या. "त्यो तिकडं जेवला, म्हंजी आज आमच्यासंगट बसला."

त्यांनी पहिल्यांदा त्या ताटात वाढलं. भाताची मूद, वर वरण, त्यावर तूप, कडेला मीठ. मग आम्हाला, मग स्वतःला. हनुमंतभाऊंची मान वर होत नव्हती. धोंडाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. मग भात कालवून त्यांनी पहिला घास उचलला.

"मावशी, थांबा," हनुमंतभाऊ म्हणाले.

घास हवेतच राहिला.

"त्यो वाटा गेला न्हाई. हितंच हाय. सुलक्षणाताईच्या दुकानात हाय. म्या खोटं बोललो तुमच्यासंगं."

मी म्हटलं, "मलाही माहीत होतं, मावशी."

धोंडाबाईंनी घास परत ताटात ठेवला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग त्यांनी हनुमंतभाऊंना विचारलं, "विमानवाल्यांनी काढाय लावला?"

हनुमंतभाऊंना त्या वेळी हो म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा. त्या होकारावर बाई आणखी वर्षानुवर्षं काढू शकल्या असत्या. विमानांना शिव्या देत, शेळ्या विकत, पोराला घरचा धरून.

"न्हाई, मावशी," हनुमंतभाऊ म्हणाले. "बॅग तुमी दिलीवती, तांदूळ त्यात घातलावता. मंग त्येचं खोकं आलं आन् वजन झालं. काय तरी काढायचं हुतं. शेफालीनं त्येला इचारलं, आन् त्यो म्हनला तांदूळ काढ."

"आनि काय म्हनला?"

"तितं मिळतो म्हनला."

"तू ऐकलंस? त्येचाच आवाज हुता?"

"व्हय, मावशी. त्येचाच."

धोंडाबाई भिंतीकडच्या ताटाकडं बघत बसल्या. वरणावरचं तूप थिजायला लागलं होतं. मला उठून पळून जावं असं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग त्यांनी हात लांब केला, स्वरूपचं ताट आपल्याकडं ओढलं, आणि त्यातला सगळा भात आपल्या ताटात ओतला. बोटांनी पुसून घेतलं, एक शीतही मागं ठेवलं नाही. रिकामं ताट उचलून त्यांनी मोरीच्या कडेला ठेवलं. परत पाटावर येऊन बसल्या, आणि जेवू लागल्या. घास मोठा होता. तो चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही आणि खाणंही थांबवलं नाही.

आम्ही दोघं तसेच बसलो होतो. हात ताटाला लागत नव्हता.

"जेवा," धोंडाबाई म्हणाल्या. "निवतंय."

आम्ही जेवलो.